खुर्चीवरचं काम आणि अंगातली ताकद

 

आजचा विषय आहे अंगातली ताकद. नुसती तब्येत नाही, ताकद. म्हणजे दंडातली, मांडीतली, पाठीतली. विषय ऐकून काही जणी हसतील. म्हणतील, “आम्हाला कशाला ताकदीचं सांगता? आम्ही काय शहरातल्या बाया आहोत का?” पण जरा आजूबाजूला बघा. आपल्या आयांनी आवणीत चिखल तुडवला, मोळ्या वाहिल्या, जात्यावर दळलं. आज त्याच घरातली लेक किंवा सून काय करते? कोणी अंगणवाडीत मोबाईलवर नोंदी भरते. कोणी सीआरपी आहे, कोणी बँक सखी आहे. कोणी ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढते, कोणी हॉटेलच्या काउंटरवर बसते, कोणी दिवसभर शिलाई मशीनवर असते. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना कितीतरी जणींनी सकाळी बसल्या त्या अंधार पडेपर्यंत मान वर केली नव्हती.

हे काम चांगलं आहे. त्यात मान आहे, हातात पैसा येतो. पण शरीर मात्र एका पिढीत शेतातून खुर्चीवर आलं आहे. त्यातून जे होतं ते बैठकीत सगळ्या जणी सांगतात: कंबर धरते, मान आखडते, पायाला सूज येते, जिना चढताना दम लागतो. घरचे म्हणतात, “बसून तर असते दिवसभर, हिला काय कष्ट?” म्हणून ती बोलायचं सोडून देते. आज आपण हे नीट समजून घेऊ.

बसून राहिल्याने काय होतं?

फार जुनी गोष्ट आहे, पण ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. लंडनमध्ये दोन मजली बस चालतात. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली जिना चढणारा. बस एक, कंपनी एक, फरक फक्त बसण्याचा आणि हिंडण्याचा. मॉरिस यांनी हजारो माणसांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली छापून दाखवलं की कंडक्टरांपेक्षा ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. मग त्यांनी टपाल खात्यात पाहिलं. तिथेही तेच. टपाल वाटत फिरणाऱ्यांपेक्षा टेबलाशी बसून काम करणाऱ्यांना त्रास जास्त.

याचं कारण सोपं आहे. आपल्या पिंडऱ्या चालताना आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसलं की हे थांबतं, म्हणून संध्याकाळी पावलं सुजतात. दुसरं, जेवणातून जी साखर रक्तात येते ती साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. स्नायू हलले की ते साखर ओढून घेतात. हललेच नाहीत तर साखर रक्तातच फिरत राहते. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. आणि तिसरं, जो स्नायू वापरात नाही त्याला शरीर पोसत नाही. हाताचं प्लास्टर काढलं की तो हात दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसतो ना? तसंच.

तिशी-पस्तिशीनंतर काही केलं नाही तर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे कमी होत जातात, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. पाळी थांबली की हाडंही ठिसूळ होऊ लागतात. म्हातारपणी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, ही गोष्ट प्रत्येक गावात आहे. त्या पडण्यामागे बऱ्याचदा मांडीतली ताकद गेलेली असते. तोल गेला तर सावरायला पाय साथ देत नाही. म्हणून चाळीशीत कमावलेली ताकद ही सत्तरीत कामी येते. बचत गटात आपण जे पैशाचं करतो, तेच इथे करायचं आहे.

“मी घरी एवढं राबते, मग व्यायाम कशाला?”

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. सकाळी पाचला उठायचं, चूल, पाणी, डबे, मग ऑफिस, परत आल्यावर पुन्हा स्वयंपाक, भांडी. यात शरीर थकतं, हे शंभर टक्के खरं. पण थकणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं.

स्नायू कसा वाढतो ते सांगते. आपण नेहमीपेक्षा थोडं जास्त वजन उचललं की स्नायूच्या धाग्यांवर ताण पडतो. शरीर म्हणतं, हे काम पुन्हा येणार दिसतंय, आपण तयारी करू. मग विश्रांतीच्या वेळी, झोपेत, जेवणातल्या प्रथिनांमधून ते धागे दुरुस्त होतात आणि आधीपेक्षा जाड होतात. म्हणजे तीन गोष्टी लागतात: हळूहळू वाढणारं वजन, पोटात प्रथिनं, आणि विश्रांती. घरकामात वजन वाढत नाही. तोच झाडू, तीच भांडी, तीच कळशी. शरीराला त्याची सवय झालेली असते. वर विश्रांती नाही आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी. मग ताकद वाढणार कुठून? आपल्या आया राबल्या, पण त्यातल्या किती जणी पन्नाशीतच कमरेत वाकल्या, हेही आपण पाहिलं आहे. तेव्हा जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगते. एक, आठवड्यात कमीत कमी १५० मिनिटं भराभर चालण्यासारखी हालचाल. दोन, आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिली गोष्ट आपल्या डोंगरातल्या बायकांची बऱ्यापैकी होते. दुसरी राहते.

वय झालं म्हणून सोडून देऊ नका. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायाने वजन उचलायचा व्यायाम दिला गेला. आठ आठवड्यांनी त्यांच्या पायातली ताकद दुपटीच्याही पुढे गेली होती. नव्वदीत हे होतं, तर आपल्याला काय अवघड आहे?

आणखी एक भीती असते की वजन उचललं की बाई पुरुषासारखी दिसते. तसं होत नाही. पुरुषाचे स्नायू ज्या संप्रेरकामुळे फुगतात ते बाईच्या शरीरात फार थोडं असतं. बाईचं अंग घट्ट होतं, चाल सरळ होते, एवढंच.

सहा व्यायाम, वीस मिनिटं

जिम लागत नाही. एक खुर्ची, एक भिंत, एक कळशी आणि एक कापडी पिशवी एवढं पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे लक्षात ठेवा. म्हणजे पाच लिटरचा कॅन भरला की पाच किलो झाले. तांदूळ पिशवीत मोजून घातले तरी चालेल.

पहिला, खुर्चीवरून ऊठबस. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर ठेवा. उठा आणि सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, खाली जाताना तीन आकडे मोजायचे. दहा वेळा.

दुसरा, भिंतीवर रेटा. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे भिंतीवर ठेवा. कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्या, परत मागे ढकला. सोपं वाटू लागलं की भिंतीऐवजी ओट्यावर, आणि पुढे जमिनीवर गुडघे टेकून करा.

तिसरा, पिशवी ओढणे. एक हात टेबलावर टेकवा, कमरेतून पुढे वाका, पाठ फळीसारखी सरळ. दुसऱ्या हातात तीन किलोची पिशवी. कोपर मागे नेत पिशवी कमरेपर्यंत ओढा. दिवसभर पुढे वाकून बसलेल्या पाठीला हा व्यायाम सगळ्यात उपयोगी आहे.

चौथा, कळशी उचलणे. अर्धी भरलेली कळशी दोन पायांच्या मध्ये. गुडघे थोडे वाकवा आणि बसायला जातो तशी कंबर मागे न्या. पाठ सरळ ठेवून कळशी उचला, सरळ उभं राहा, तशीच खाली ठेवा. ही उचलायची रीत अंगवळणी पडली की घरचा हंडा उचलतानाही कमरेत उसण भरायची भीती कमी होते.

पाचवा, टाचा उचलणे. भिंतीला बोटं टेकवून चवड्यावर उभं राहा, दोन आकडे थांबा, खाली या. पंधरा वेळा.

सहावा, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे. वर तीन आकडे थांबा. दहा वेळा.

प्रत्येक व्यायाम दोनदा करा, मध्ये मिनिटभर थांबा. वजन असं घ्या की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण पाठ वाकडी होऊ नये. ज्या दिवशी बारा वेळा सहज जमेल, त्यानंतर वजन थोडं वाढवा. सोमवार आणि गुरुवार असे दोन वार ठरवा, जमलं तर सुट्टीच्या दिवशी तिसरा. मध्ये एक दिवस तरी रिकामा हवा, कारण स्नायू त्याच दिवशी बांधला जातो. पहिल्या दोन दिवसांत अंग दुखेल, ते साहजिक आहे. महिनाभरात ताकद जाणवते. डोळ्यांना फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा.

आता सावध राहायच्या गोष्टी. वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना तोंडाने श्वास सोडा. रक्तदाब असेल, छातीत दुखत असेल, गरोदर असाल, बाळंतपणाला किंवा पोटाच्या ऑपरेशनला थोडेच महिने झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर लाजून लपवू नका. त्यात जड वजन उचलणं वाईट, पण त्यावर उपाय आहेत. आधी दवाखाना, मग व्यायाम. आणि व्यायाम करताना कळ उठली, मुंग्या आल्या, चक्कर आली तर तिथेच थांबा.

कामाच्या जागी काय करायचं?

अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठा. मोबाईलवर गजर लावा. फोन आला की उभं राहूनच बोला. जेवणानंतर लगेच खुर्चीत न जाता दहा मिनिटं अंगणात फिरा, जेवणानंतरची साखर त्याने आटोक्यात राहते. बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहा.

खुर्ची उंच असेल आणि पाय लोंबत असतील तर पायाखाली वीट किंवा पाट ठेवा. संगणकाचा पडदा खाली असेल तर त्याच्याखाली दोन जुनी रजिस्टरं सारा म्हणजे नजर सरळ राहील. आपल्या डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. मोबाईलमध्ये मान घालून बसलं की ते सगळं वजन मानेच्या मागच्या स्नायूंवर लोंबतं. मोबाईल डोळ्यांपर्यंत वर आणा, मान मोबाईलपर्यंत खाली नेऊ नका.

आणि एक गोष्ट मोठ्याने बोलली पाहिजे. बऱ्याच जणी कामाच्या ठिकाणी पाणीच पीत नाहीत, कारण तिथे बायकांसाठी शौचालय नाही, किंवा आहे पण कुलूप लावलेलं आहे. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, थकवा येतो. हा एकेकटीने सोसायचा प्रश्न नाही. ग्रामसंघाच्या ठरावात घ्या, ग्रामसभेत मांडा. शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे, हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे.

ताटात काय हवं?

स्नायू ज्याचा बनतो ते प्रथिन. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने माणसाला किलोमागे दिवसाला साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिन लागतं. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणारीला त्याहून थोडं जास्त. आपण आपल्याच ताटाचा हिशोब करू. नागलीच्या दोन भाकरी म्हणजे ७ ग्रॅम. दोन वेळचा मिळून भात, ७ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, ९ ग्रॅम. हुलग्याची किंवा वालाची चांगली वाटीभर उसळ, ९ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. एक अंडं, ६ ग्रॅम. झाले ४५. डब्यातली महागडी पावडर यात कुठेच आली नाही, आणि यायची गरजही नाही.

पण हा हिशोब कधी जुळतो? वरण घट्ट असेल तर आणि उसळ आपल्या वाट्याला आली तर. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भात, वरणाचं पाणी आणि लोणचं येतं. पोट भरतं, स्नायू उपाशी राहतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: स्वयंपाक झाला की आपली एक वाटी उसळ आधी झाकून बाजूला ठेवा. त्यात स्वार्थ नाही. घरात सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसाची ती वाटी आहे.

आपल्या तालुक्याला यात कमी काही नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना आपण सगळे ओळखतो. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाल, घेवडे, भाताचं आणि भाजीपाल्याचं बियाणं सांभाळलं, बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बियाण्यातले वाल आणि घेवडे म्हणजे आपल्या कुंपणावरचं प्रथिन आहे. परसात चार वेल लावले तर बाजारातून डाळ कमी आणावी लागते. नागलीचं तर विचारूच नका. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तांदळात ते नावाला असतं. २०२३ साली जगाने भरडधान्यांचं वर्ष पाळलं आणि शहरातल्या बाया नागलीची बिस्किटं महाग घेऊ लागल्या. इकडे आपण नागली विकून पाव-बटर आणतो. चहा-पाव खाऊन खुर्चीत बसण्यापेक्षा नागलीची भाकरी, आंबील किंवा हुलग्याची शेंगोळी कितीतरी चांगली.

व्यायाम सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. अशा वेळी जिना चढतानाचा दम हा आळशीपणा नसतो, तो आजार असतो. उपकेंद्रात गोळ्या मिळतात. गोळीसोबत किंवा जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. आणि झोप सात तास हवी. घरात कामाची वाटणी झाल्याशिवाय ती मिळत नाही. तेव्हा भांडी कोण घासणार हा प्रश्नही घरात निघू द्या.

गटाने काय करायचं?

एकटीचा व्यायाम चार दिवस टिकतो. गटाचा टिकतो, कारण गटाला हजेरीची सवय आहे. बचत आपण सगळ्यांच्या देखत मोजतो, तशी ताकदही मोजू. त्याची सोपी रीत सांगते. भिंतीला खुर्ची टेकवा, हात छातीवर, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर झाले असं धरतात. तरुण बाईला याहून बरंच जास्त जमायला हवं. प्रत्येकीचा आकडा आणि तारीख बैठकीच्या वहीत मागच्या पानावर लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. कोणाशी स्पर्धा नाही, आपल्याच जुन्या आकड्याशी ताडून बघायचं.

बैठकीच्या सुरुवातीची दहा मिनिटं या व्यायामाला द्या. शरम वाटत असेल तर दार लोटून घ्या. साडीला पदर खोचा, नाहीतर ड्रेस घाला. सासूबाईंनाही बसवा. भिंतीवरचा रेटा आणि खुर्चीची ऊठबस त्यांनाही जमते.

नवरात्रात आपल्याकडच्या कितीतरी बाया कळसूबाईला जातात. १६४६ मीटर उंच, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारीतून निघून लोखंडी शिड्या चढत देवीपर्यंत पोहोचायचं म्हणजे मांडीची आणि पिंडरीची खरी परीक्षा. यंदा गटाने मिळून जायचं ठरवा आणि त्याच्या तीन महिने आधी सोमवार-गुरुवारचा व्यायाम सुरू करा. खुर्चीवर काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणीला आवर्जून सोबत घ्या.

या आठवड्यात दोनच कामं करा. बैठकीत ऊठबस मोजून वहीत लिहा, आणि रोज एक वाटी उसळ आपल्यासाठी झाकून ठेवा. पुढच्या वेळी मला भेटाल तेव्हा आकडा विचारीन.